आंग्रे, ‘पायरेट’ आणि माझं कपाट

नवीन फ्लॅट घेतलेल्या मित्रमंडळींकडे गेलं की हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. सोफ्याच्या वर, स्पॉटलाइटच्या उजेडात, काळ्या फ्रेममध्ये लावलेला जुना नकाशा. पिवळट कागद, कोपऱ्यात शिडाचं जहाज, किनाऱ्याला चिकटून बारीक अक्षरात गावांची नावं. चौल, दाभोळ, घेरिया. घरमालक कॉलर ताठ करून सांगतो, ‘ओरिजिनल आहे हं! प्रिंट नाही.’ सगळे ‘वॉव’ म्हणतात. मी मात्र चष्मा सावरून कागदावरच्या घड्या शोधायला लागते.

बहुतेकदा त्या सापडतात. एक उभी, कधी दोन, कधी आडवीसुद्धा. आणि एका बाजूचा समास दुसऱ्यापेक्षा अरुंद असतो, ब्लेड फिरवल्यासारखा सरळ. सुटे छापलेले नकाशेही त्या काळी विकले जायचे, नाही असं नाही. पण घड्या आणि कापलेली कड एकत्र दिसली की समजावं, हा नकाशा कधीकाळी एका पुस्तकात शिवलेला होता.

‘मग त्या पुस्तकाचं काय झालं?’ असं मी एकदा विचारलं.

‘कुठलं पुस्तक?’ यजमान म्हणाले.

तर आजचा कॉलम त्या पुस्तकाबद्दल.

ऑफिसातली मंडळी पगारातून उरलेले पैसे कशाकशावर उडवतात. कुणी बाइकवर, कुणी कॅमेऱ्याच्या लेन्सवर, कुणी ट्रेकिंगच्या बुटांवर. मी समुद्रावरची जुनी पुस्तकं जमवते. जहाजं, जलमार्ग, आरमारं, समुद्रातल्या लढाया. आणि जग फार मोठं आणि माझं कपाट फार लहान असल्यामुळे मी हद्द ठरवून घेतलीय: मुंबईपासून गोव्यापर्यंतचा किनारा. हे ऐकल्यावर समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘पोहता येतं का?’ नाही येत. दुसरा प्रश्न, ‘इन्व्हेस्टमेंट म्हणून का?’ त्याचंही उत्तर नाहीच, पण त्यामागचं गणित मजेशीर आहे.

समजा, अडीचशे वर्षांपूर्वीचं एक प्रवासवर्णन आहे. आत घडीचे चार-पाच नकाशे आणि दहा-बारा चित्रं. अख्खं पुस्तक घेणारा वेडा दुकानात कधीतरीच फिरकतो. फ्रेम करायला सुटा नकाशा मागणारे मात्र येतच असतात, आणि सुट्या पानांची बेरीज पुस्तकाच्या किमतीपेक्षा सहज जास्त होते. मग पुस्तक फोडलं जातं. या धंद्यात अशा माणसाला ‘ब्रेकर’ म्हणतात. आपल्याकडे दारूखान्यात जहाजं तोडणाऱ्यांनाही ब्रेकरच म्हणतात, आणि काम तेच. विकण्यासारखं ते काढून घ्यायचं, उरलेला सांगाडा टाकून द्यायचा.

तो सांगाडा मी विकत घेते. मुद्दाम. नकाशे गेलेलं, पाठ सुटलेलं, कुणाला नको असलेलं पुस्तक पगारदार माणसाला परवडतं. आणि खरी गोष्ट मजकुरात असते.

कशी ते सांगते. १७३७ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापलं गेलं. लेखक क्लेमेंट डाउनिंग. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा मिडशिपमन, म्हणजे अगदी ज्युनिअर अधिकारी, आपल्या भाषेत ट्रेनी. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे पुस्तकाचं नाव परिच्छेदाएवढं लांब. त्यात हिंदुस्थानातल्या युद्धांचा इतिहास आहे, ‘अँग्रिया द पायरेट’चा उदय आणि त्याचं बळ आहे, आणि वर बोनस म्हणून मादागास्करचा कुप्रसिद्ध चाचा जॉन प्लँटेन याचं चरित्रही आहे. अँग्रिया म्हणजे अर्थातच आपले कान्होजी आंग्रे. छत्रपती शाहूंचे सरखेल आणि मादागास्करचा लुटारू, दोघं एकाच टायटल पेजवर!

‘पायरेट’ का? तर आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, न घेता या किनाऱ्यावरून जाणारी जहाजं ते अडवायचे. आता हाच परवान्याचा धंदा पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून करत होते. त्यांच्या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणायचे आणि तो नसलेलं जहाज तेही पकडायचे. पण पोर्तुगीजांनी केलं तर राज्यकारभार, कान्होजींनी केलं तर चाचेगिरी. शिक्का मारायचा अधिकार ज्याच्याकडे छापखाना त्याच्याकडे.

गंमत पुढेच आहे. टायटल पेज उलटून आत शिरलं की हाच डाउनिंग भलतीच गोष्ट सांगायला लागतो. गव्हर्नर चार्ल्स बून १७१५च्या अखेरीस मुंबईत आला. त्याने शहराला तटबंदी घातली (आपण रोज ज्या ‘फोर्ट’मध्ये कामाला जातो ना, तोच), लढाऊ जहाजं बांधली आणि आंग्र्यांच्या मागे लागला. १७१७मध्ये घेरियावर, म्हणजे आपल्या विजयदुर्गावर हल्ला. फसला. १७१८मध्ये खांदेरी. फसला. १७२०मध्ये पुन्हा घेरिया. या खेपेला तर खास नवीन प्रॉडक्ट लाँच झालं होतं, ‘फ्राम’ नावाची तरंगती तोफगाडी. सपाट तळाची, जाड भिंतींची, गोळ्यांना दाद न देणारी. ती किल्ल्यासमोर नेऊन उभी केली, तोफा डागल्या आणि लक्षात आलं की तोफांसाठी ठेवलेली भोकं फारच खाली आहेत. गोळे किल्ल्यावर जायच्या ऐवजी पाण्यात! टेस्टिंग न करता क्लायंटसमोर डेमो दिला की काय होतं, हे तीनशे वर्षांपूर्वीही तेच होतं. १७२१मध्ये कुलाबा. आता इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची जहाजं कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली मदतीला आलेली, बरोबर पोर्तुगीजांचं सैन्य. तोही हल्ला फसला.

चार वेळा. आणि हे कुणी बखरकार सांगत नाहीये, तर ज्याच्या मालकांची नाचक्की झाली तो कंपनीचा नोकर सांगतोय. मला या पुस्तकांचं व्यसन लागलं ते इथे. मुखपृष्ठ ओरडून एक सांगतं आणि आतली पानं, लेखकाच्या मनात नसताना, दुसरंच कबूल करतात. नुसता नकाशा भिंतीवर टांगणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला ओरडणं ऐकू येत नाही आणि कबुलीही.

मूळ १७३७ची प्रत माझ्याकडे नाही, आणि लॉटरी लागल्याशिवाय येणारही नाही. पण १९२४ साली विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेली आवृत्ती ऑक्सफर्डने काढली. तिला आता शंभर वर्षं उलटून गेलीत आणि तिच्या टीपा मूळ मजकुराइतक्याच वाचनीय आहेत. मला विचाराल तर ‘फर्स्ट एडिशन’चं खूळ श्रीमंतांसाठी ठेवावं. चांगल्या संपादकाची दुसरी-तिसरी आवृत्ती वाचणाऱ्याच्या जास्त कामाची असते.

तसंच १९०७चं जॉन बिडल्फ यांचं पुस्तक. शीर्षक ‘द पायरेट्स ऑफ मलबार’, पुन्हा ‘पायरेट्स’ आहेतच, आणि पुढे ‘दोनशे वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानातली एक इंग्रज स्त्री’. या बाईंची गोष्ट म्हणजे डेली सोपचं रेडीमेड स्क्रिप्ट. कॅथरिन कुक, वय तेरा-चौदा, आईवडिलांबरोबर बंगालकडे चाललेली. वाटेत कारवारला जहाज थांबलं आणि तिथल्या वखारीच्या वयस्क प्रमुखाशी तिचं लग्न लावून दिलं गेलं. तो वारला. दुसरा नवरा टॉमस चाऊन, तोही कारवारचाच प्रमुख. १७१२च्या नोव्हेंबरमध्ये दोघं मुंबईहून कारवारला निघाले असता आंग्र्यांच्या आरमाराने त्यांना गाठलं. लढाईत चाऊन मारला गेला आणि गरोदर कॅथरिन कुलाब्याच्या किल्ल्यात कैद झाली. १७१३च्या फेब्रुवारीत तह होऊन आणि ३०,००० रुपये खंडणी मोजून तिची सुटका झाली. म्हणजे बघा, पुस्तकाच्या नावात ‘पायरेट’ आणि आतल्या पानात त्याच्याशी रीतसर तह! तिसरा नवरा गिफर्ड १७२१मध्ये केरळात अंजेंगोजवळ मारला गेला. ती तिथून जीव वाचवून निसटली, तर कंपनीने तिच्यामागे नवऱ्याच्या हिशेबाचा ससेमिरा लावला. फुल अँड फायनल सेटलमेंट तेव्हाही सुखासुखी होत नसे.

बिडल्फचं पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. चार्ल्स लो यांचा १८७७चा ‘हिस्टरी ऑफ द इंडियन नेव्ही’ हा दोन खंडांचा ठोकळाही स्कॅन होऊन पडलाय. मग विकत कशाला घ्यायचं? प्रश्न रास्त आहे. मीही आधी स्क्रीनवर वाचते. पण स्कॅन करताना अनेकदा घडीचे नकाशे उलगडलेलेच नसतात. घडी तशीच, वरून फोटो. ज्या पानासाठी दुनिया पुस्तकं फाडते तेच पान स्कॅनमध्ये बंद! शिवाय पुस्तकाच्या समासात आधीच्या मालकांनी घातलेला वाद असतो. माझ्या बिडल्फमध्ये ‘पायरेट्स’ या शब्दापुढे कुणीतरी पेन्सिलीने उद्गारचिन्ह काढलंय. एकच. त्या अनोळखी माणसाशी माझी मैत्री आहे.

गोव्याच्या हॉटेलांमध्ये आणि होमस्टेमध्ये एक चित्र पाहिलं असेल तुम्ही: जुन्या गोव्याचा बाजार, छत्र्या धरलेले नोकर, घोड्यावरचे पोर्तुगीज. ते यान हाउखेन फान लिन्सखोटेन या डच माणसाच्या पुस्तकातलं. हा पठ्ठ्या १५८३पासून गोव्याच्या आर्चबिशपचा सेक्रेटरी होता. पोर्तुगीज आपले जलमार्ग जिवापलीकडे गुप्त ठेवायचे. याने ते गोळा केले, मायदेशी नेले आणि छापून टाकले. जलमार्गांचा भाग १५९५मध्ये, पूर्ण पुस्तक ‘इटिनेरारियो’ १५९६मध्ये. इंग्रजी भाषांतर लगेच १५९८ला आलं. डच आणि इंग्रज जहाजं पूर्वेकडे सुसाट निघाली त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा. सेक्रेटरीने कंपनीचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन जावा तशातला प्रकार! आणि आज त्याची ओळख काय, तर रिसेप्शनच्या मागे लावलेलं छान चित्र. त्याच्या खऱ्या प्रतीच्या वाटेला माझ्यासारखीने जाऊच नये. हॅक्लुइट सोसायटीने १८८५मध्ये काढलेले दोन इंग्रजी खंड मात्र स्वप्नात बघायला हरकत नाही.

या सगळ्यांत मला मनापासून आवडणारं पुस्तक मात्र दिसायला सगळ्यात रुक्ष आहे. जेम्स हॉर्सबर्ग नावाचा खलाशी १७८६मध्ये दिएगो गार्सिया बेटावर जहाज फुटून अडकला. कारण काय, तर नकाशा चुकीचा. तिथून पुढे हा माणूस आयुष्यभर खोली, वारे, खडक, प्रवाह यांच्या नोंदी करत राहिला. १८०९ ते १८११ या काळात त्याने पूर्वेकडच्या जलप्रवासाच्या सूचनांचं पुस्तक काढलं आणि पुढे कंपनीचा हायड्रोग्राफर झाला. कथा नाही, वर्णन नाही. कुठल्या बंदरात शिरताना काय डाव्या हाताला ठेवा, कुठे नांगर टाका, एवढंच. अशी पुस्तकं दुर्मिळ होतात त्याचं कारण साधं आहे. ती शोकेससाठी नव्हतीच. जहाजावर भिजली, तेलकट झाली, नवी आवृत्ती आली की जुनी फेकली गेली. धोकादायकच होती ना जुनी! त्यामुळे डाग पडलेली, खारट वासाची प्रत दिसली की मला ती कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा जवळची वाटते.

आता कुणाला यात उतरायचंच असेल तर थोडं धंद्याचं. फाउंटनच्या फुटपाथवर पूर्वीइतके पुस्तकवाले राहिले नाहीत, स्ट्रँड २०१८मध्ये बंद झालं, तरी फोर्टातल्या गल्ल्या, चोरबाजार आणि पुण्याचा अप्पा बळवंत चौक अजून पायपीट करण्याजोगे आहेत. पुस्तक हातात आलं की आधी नकाशे आणि चित्रांची यादी छापलीय का ते बघा, मग एकेक मोजा. पानांच्या मुळाशी बोट फिरवा. कापलेल्या पानाची पट्टी बोटाला लागते. तपकिरी ठिपक्यांना घाबरू नका, कसर आणि वाळवीला घाबरा. पुन्हा बांधणी केलेली असेल तर बाइंडरने कडा छाटताना मजकूर तर खाल्ला नाही ना, ते पाहा. विक्रेता ‘मॅडम, व्हेरी रेअर!’ म्हणाला की हसून विषय बदला. घरी आणल्यावर प्लास्टिकचं कव्हर नको, सेलोटेप तर मुळीच नको. कपाटाला हवा लागू द्या. आपल्या पावसाळ्याएवढा पुस्तकांचा वैरी दुसरा नाही. आणि अमेरिकेतल्या मित्राला गिफ्ट म्हणून पाठवायच्या आधी १९७२चा पुरावस्तू कायदा आठवा. त्या कायद्यात शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं येतात, आणि ती देशाबाहेर न्यायचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही.

एका गोष्टीत मात्र मी अगदी कडक आहे. ग्रंथालयाचा शिक्का आहे पण ‘बाद’ केल्याचा शिक्का नाही, असं पुस्तक कितीही स्वस्त मिळो, घ्यायचं नाही. सुट्या नकाशांना भाव आला की ब्लेड आधी ग्रंथालयात पोचतं. २००५मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात कर्मचाऱ्याला जमिनीवर एक पातं पडलेलं दिसलं. समोर बसलेला माणूस होता फोर्ब्स स्मायली, नकाशांचा नावाजलेला व्यापारी. चौकशीत त्याने वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली आणि २००६मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सूटबूट, गोड बोलणं, अभ्यासक म्हणून सगळीकडे मान! त्याचे नकाशे घेणाऱ्यांनाही पुस्तकाचा प्रश्न पडला नव्हता. आपल्याकडच्या ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांच्या मुळाशी मला अशा पट्ट्या लागल्या आहेत. कुठल्या ग्रंथालयात, ते लिहीत नाही.

‘सगळी गोऱ्यांचीच पुस्तकं? मराठीत काही नाही?’ असं माझे काका नेहमी टोचतात. आहे ना. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा हुकूम देणारं राज्य होतं ते. पण आंग्र्यांच्या काळात देवनागरी मराठी पुस्तक छापायची सोय नव्हती. आपली बाजू मोडीतल्या पत्रांत राहिली आणि ती सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांसारख्या कामातून १९३०च्या दशकात बाहेर आली. त्या पत्रांत सगळं सुखावणारं नाही हेही सांगायला हवं. १७५६मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाला जळालं तेव्हा इंग्रजांच्या बाजूला आपले पेशवेच होते. वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन एडवर्ड आइव्ह्ज याने १७७३च्या आपल्या प्रवासवर्णनात ती मोहीम लिहून ठेवलीय. विजेत्याच्या थाटात, अर्थात.

मराठीत माझं आवडतं म्हणजे दा. गो. ढबू यांचं १९३९चं ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’. नावातच हिशेब चुकता! पण काय दैव बघा. अठराव्या शतकातला कागद चिंध्यांपासून बनायचा, त्यामुळे आंग्र्यांना पायरेट म्हणणारी पानं अजून पांढरी आणि दणकट आहेत. आपल्या छापील पुस्तकांच्या नशिबी लाकडाच्या लगद्याचा कागद आला. पान उलटताना कोपरा हातात येतो. माझी प्रत मी बटरपेपरमध्ये ठेवते आणि श्वास रोखून वाचते. २०२५मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग युनेस्कोच्या यादीत गेले, ढोल वाजले, छान झालं. त्या किल्ल्यांवरची मराठी पुस्तकं मात्र कपाटात भुगा होतायत आणि त्यांच्यासाठी यादीबिदी काही नाही.

सध्या माझ्याकडे लो यांचा दुसरा खंड आहे, पहिला नाही. आंग्रे पहिल्यात आहेत! कुठल्यातरी घरवाटणीत दोन भावांनी एकेक खंड घेतला असणार, अशी माझी थिअरी आहे. तेव्हा या मे महिन्यात कोकणातल्या घराचा माळा आवरायला काढलात आणि जाडजूड, हिशेबाच्या वहीसारखं इंग्रजी पुस्तक दिसलं, तर रद्दीवाल्याच्या आधी मला कळवा. नकाशे नसले तरी चालेल.